मांजर व्यालीय? आधी वजनकाटा काढा

गेल्या पावसाळ्यात आमच्या पडवीत, पेंढा भरलेल्या लाकडी खोक्यात मनी व्याली. चार पिल्लं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू बघायला आल्या आणि म्हणाल्या, "अगोबाई, चारही कशी गुटगुटीत आहेत गं!" दिसायला खरंच तशीच होती. एकमेकांवर चढून झोपलेली, अंगं चकचकीत, कुणाचं रडणं नाही. पण माझ्या वहीत त्याच सकाळी चार आकडे लिहिलेले होते आणि त्यातला एक आदल्या दिवशीचाच होता. ७९ ग्रॅम, पुन्हा ७९ ग्रॅम. बाकी तिघं चार-पाच ग्रॅमने वाढली होती. तिसऱ्या दिवशी तो आकडा ७६ झाला. तोवरही ते पिल्लू बघणाऱ्याला ठणठणीतच वाटत होतं.

नवजात पिल्लाचं दुखणं डोळ्यांना दिसायच्या आधी काट्यावर दिसतं. डोळ्यांना दिसतं तेव्हा बहुधा हातात काही तासच उरलेले असतात. म्हणून घरात पहिल्यांदाच मांजर व्याली असेल, किंवा कुणी दाराशी डोळे न उघडलेली पिल्लं आणून ठेवली असतील, तर खेळणी, टोपली, नावं हे सगळं नंतर. आधी काटा आणि वही.

काटा कुठला

स्वयंपाकघरात पीठ-साखर मोजायला मिळतो तो डिजिटल काटा पुरतो. पाच किलोपर्यंतचा असला तरी चालेल, पण एका ग्रॅमचा फरक दाखवणारा हवा आणि भांडं ठेवून शून्य करायचं टेअरचं बटण हवं. माणसांचा वजनकाटा इथे उपयोगाचा नाही, कारण पिल्लू दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढतं आणि तो काटा शंभर ग्रॅमच्या खालचं काही सांगत नाही. भाजीवाल्याचा ताणकाटाही नको.

काटा बरोबर आहे का, हे घरच्या घरी बघता येतं. दहा रुपयांची दहा नाणी ठेवा. एक नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं असतं, त्यामुळे काटा ७७-७८ च्या आसपास यायला हवा. एखाद्या बारक्या नवजात पिल्लाचं वजनही जवळपास तेवढंच असतं. ती नाणी एकदा तळहातावर घेऊन बघा, म्हणजे आपण केवढ्याशा जिवाबद्दल बोलतोय ते कळेल. काट्यातले सेल उतरले की आकडे भरकटतात, म्हणून हीच नाणी दर चार-पाच दिवसांनी पुन्हा ठेवून बघावीत.

कोण कुठलं ते आधी ठरवा

रंग वेगळे असतील तर प्रश्न नाही. आमच्याकडे एक काळा बोका, एक पांढऱ्या पायांची, एक ढवळी आणि एक करडी बारकी अशी सरळ ओळख होती. पण चारही पिल्लं एकसारखी पट्टेरी निघाली तर सकाळी वजन करताना गोंधळ होतोच, आणि दोन पिल्लांचे आकडे एकमेकांच्या नावावर पडले की वही निकामी. अशा वेळी लहान कात्रीने एकाच्या उजव्या खांद्यावरचे, दुसऱ्याच्या डाव्या खांद्यावरचे, तिसऱ्याच्या कमरेवरचे थोडेसे केस कापा, नखाएवढी जागा पुरे. गळ्यात दोरा, लोकर, रिबीन काही बांधू नका. पिल्लू रोज वाढतं, दोरा वाढत नाही. शिवाय आईचा दात किंवा भावंडाचा पाय त्यात अडकतो.

पहिलं वजन

व्यायला सुरुवात झाल्यावर मध्ये मध्ये करू नका. सगळी पिल्लं बाहेर आली, वार पडली, आईने चाटून कोरडी केली आणि ती लुचायला लागली की मग. पहिल्या बारा तासांत एकदा वजन झालं म्हणजे बास.

"माणसाचा हात लागला की मांजर पिल्लं टाकते" असं घरोघरी सांगतात. तुमच्या हातची मांजर असेल तर ती नुसत्या हाताच्या वासाने पिल्लं टाकत नाही. तिला त्रास होतो तो गर्दीचा, गोंगाटाचा आणि सारखं खोक्यात डोकावण्याचा. मग ती एकेक पिल्लू मानेला धरून उचलते आणि माळ्यावर, कपाटामागे, शेजारच्यांच्या गोठ्यात नेऊन ठेवते. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात ते यामुळेच. म्हणून बाळंतिणीची खोली असते तशी अंधारी, उबदार, कुणाची ये-जा नसलेली जागा तिला द्या, आणि वजन करायला घरातलं एकच माणूस ठेवा. भटका बोका आत शिरणार नाही अशी सोयही बघा. बोके पिल्लांना मारतात, हे खरं आहे.

मी वजन मनीच्या खाण्याच्या वेळी करते. सकाळी सातला काटे काढलेला उकडलेला बांगडा तिच्यापुढे ठेवला की पाच-सात मिनिटं मिळतात. वाडग्यात मऊ फडकं घालायचं, नाहीतर थंडगार स्टीलला पोट टेकलं की पिल्लू वळवळतं. पंखा बंद करायचा, वाऱ्याने आकडा हलतो. फडक्यासकट वाडगा ठेवून टेअर दाबायचं, शून्य आलं की पिल्लू ठेवायचं. दोन-तीन सेकंद आकडा नाचतो, मग थांबतो. थांबलेला आकडा लिहायचा. शंका आली तर पुन्हा. हात आधी साबणाने धुतलेले आणि चोळून गरम केलेले असावेत.

रोज तीच वेळ पाळणं फार महत्त्वाचं. पोटभर प्यायलेलं पिल्लू आणि नुकतीच शू केलेलं पिल्लू यांत दोन-तीन ग्रॅम सहज इकडचे तिकडे होतात. आज सकाळी आणि उद्या रात्री असं वजन केलंत तर त्या आकड्यांतून काही निघणार नाही. पहिले दोन आठवडे रोज एकदा, नाजूक पिल्लू असेल तर सकाळ-संध्याकाळ. पिल्लांना आई नसेल आणि तुम्हीच पाजत असाल तर प्रत्येक पाजण्याच्या आधी आणि नंतर. पोटात नक्की किती गेलं ते त्या फरकातूनच कळतं.

आकडे कसे वाचायचे

जन्माच्या वेळी पिल्लू साधारण ८५ ते ११५ ग्रॅमचं असतं. आपल्याकडच्या गावठी मांजरांची पिल्लं बऱ्याचदा यातल्या खालच्या टोकाला असतात. ७५-८० च्या खालचं पिल्लू पहिल्या दिवसापासून जास्त लक्ष देण्याचं, ते कितीही चपळ दिसलं तरी.

रोज १० ते १५ ग्रॅमची वाढ म्हणजे उत्तम चाललंय. एका आठवड्याला साधारण १५० ते २०० ग्रॅम, दोन आठवड्यांना २०० ते ३००, तीन आठवड्यांना ३०० ते ४००, महिन्याचं होईपर्यंत ४०० ते ५००. जन्माचं वजन उशिरात उशिरा दोन आठवड्यांत दुप्पट व्हायला हवं. पुढे आठवड्याला शंभर ग्रॅम असा ढोबळ हिशेब धरा, आठव्या आठवड्याला पिल्लू पाऊण ते एक किलोच्या दरम्यान येतं.

पहिल्या चोवीस तासांत वजन किंचित उतरू शकतं. अंग ओलं असतं, पहिली शी-शू होते. जन्माच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापर्यंतची घट, आणि तीही पिल्लू जोमाने लुचत असेल तर, एवढी सोडून द्यावी. त्यानंतर मात्र वजन उतरणं कुठल्याच दिवशी ठीक नाही. चोवीस तासांत काहीच वाढ नसेल तर त्याच दिवशी कारण शोधा आणि वरचं दूध सुरू करायची तयारी करा. वजन उतरलं असेल तर डॉक्टरांना फोन करा, "उद्या बघू" म्हणून थांबू नका. वाढ आहे पण भावंडांच्या निम्मीच आहे, असं सलग दोन दिवस दिसलं, तर तेही पिल्लू मागे पडतंय असंच समजा.

बारकीचं पान माझ्याकडे अजून आहे. ७९, ७९, ७६. तिसऱ्या सकाळी मी खोक्याशी अर्धा तास नुसती बसून राहिले. मनी आडवी झाली की तिघं दांडगी मागच्या सडांना चिकटायची. बारकी पुढच्या एका सडाशी तोंड न्यायची, दोन-चारदा लुचायची, तेवढ्यात काळा तिला ढकलायचा आणि ती सुटून पडायची. पुन्हा सड शोधेपर्यंत दमून झोपायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पिऊन झोपली. त्या दिवसापासून दर वेळी तिघांना वीस मिनिटं गरम पाण्याच्या बाटलीशेजारी टोपलीत ठेवून बारकीला एकटीला मनीकडे सोडलं, आणि दर तीन तासांनी डॉक्टरांनी सांगितलेलं पावडरचं दूध दोन मिली, सुईशिवायच्या सिरिंजने. चौथ्या दिवशी ८१. पाचव्या दिवशी ८८. दहाव्या दिवशी १३८. रात्री एक, चार आणि सात असे गजर लावले होते, पण त्या ८८ वर काटा थांबला तेव्हा जो आनंद झाला तो सांगता येत नाही.

वजनाबरोबर दोन मिनिटांची तपासणी

पिल्लू हातात आलंच आहे तर नाकापासून शेपटीपर्यंत एक नजर फिरवा. पहिल्या दिवशी पिल्लू ओरडेल तेव्हा तोंडात बघा, टाळूला फट नाही ना. फट असेल तर पिताना दूध नाकातून बाहेर येतं, आणि असं पिल्लू लगेच डॉक्टरांकडे न्यावं लागतं.

हिरड्या गुलाबी हव्यात. फिकट पांढरट हिरड्या म्हणजे रक्त कमी, आणि आपल्याकडे याचं नेहमीचं कारण पिसवा. शंभर-दीडशे ग्रॅमच्या जिवाला पिसवा अक्षरशः पिऊन टाकतात. कुत्र्याची पिसवांची किंवा गोचिडांची पावडर, स्प्रे, थेंब काहीही लावू नका. त्यांतल्या बऱ्याच औषधांत पर्मेथ्रिन असतं आणि ते मांजरांना विषासारखं बाधतं. एवढ्या लहान पिल्लाला पिसवांच्या बारीक फणीने विंचरायचं, फणी साबणाच्या पाण्यात बुडवायची, पुन्हा विंचरायचं. अंथरूण रोज बदलून उकळत्या पाण्यात धुवायचं. आईवरच्या पिसवांसाठी औषध डॉक्टरांना विचारूनच, ती अंगावर पाजतेय हे सांगून.

निळसर हिरड्या किंवा तोंड उघडून धापा टाकणं दिसलं तर तसंच उठून दवाखाना गाठा.

नाळ चार-पाच दिवसांत वाळून आपोआप पडते. ओढू नका, हळद-तेलही लावू नका. भोवती लाल सूज किंवा पू दिसला तर दाखवा. पोट भरलेलं पण मऊ लागायला हवं. नगाऱ्यासारखं ताठ आणि पिल्लू कुरकुरतंय, म्हणजे गॅस किंवा शी अडकलेली.

डोळे सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान उघडतात, सुरुवातीला सगळ्यांचे निळेच असतात. उघडायच्या आधीच पापणीखाली फुगवटा आला किंवा फटीतून पिवळं काही येऊ लागलं, तर आत पू साठलेला असतो. तो वेळेत काढला नाही तर डोळा जातो. बोटांनी पापणी उघडू नका, डॉक्टरांकडे न्या. नुसती चिपडं असतील तर उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा घेऊन, हलक्या हाताने पुसा.

शी मोहरीच्या रंगाची, दाटसर, टूथपेस्टसारखी असते. पाणीदार, पांढरट किंवा हिरवट शी म्हणजे बिघाड. शू जवळजवळ पाण्यासारखी हवी. गडद पिवळी दिसली तर अंगातलं पाणी कमी झालंय. आई असेल तर ती सगळं चाटून साफ करते, त्यामुळे तुम्हाला काही दिसणारच नाही. ते चांगलं लक्षण आहे.

नव्या माणसाला हमखास घाबरवणारी एक गोष्ट: झोपेत पिल्लांच्या अंगाला झटके बसतात. पाय उडतात, कान हलतात, ओठ थरथरतात. पहिल्या आठवड्यांत हे अगदी नेहमीचं आहे, ती आकडी नव्हे. उलट झोपेत अजिबात न हलणारं, हातात ओल्या फडक्यासारखं लोंबणारं, घोळक्यापासून लांब कोपऱ्यात जाऊन पडलेलं आणि बारीक आवाजात न थांबता कण्हणारं पिल्लू दिसलं, तर क्षणही घालवू नका. त्याला आधी ऊब द्यायची.

ऊब आधी, दूध नंतर

या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं ध्यानात ठेवा: गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजायचं नाही.

पहिल्या आठवड्यात पिल्लाला थरथर कापून स्वतःची ऊब तयार करता येत नाही. त्याचं अंग ९५ ते ९८ फॅरनहाइटच्या दरम्यान असतं, आपल्यापेक्षा थोडं गारच, आणि ते चौथ्या आठवड्यापर्यंत चढत १०० ते १०१ वर येतं. अंग गार पडलं की आतडी थांबतात. मग पाजलेलं दूध पोटात तसंच राहतं, फुगतं, किंवा वर येऊन फुप्फुसात जातं. रडतंय म्हणजे भूक लागली असेल, असं समजून लोक मायेने दूध पाजतात आणि पिल्लू हातात जातं. मला पिल्लांची माहिती विचारायला येणाऱ्यांकडून हीच हकिकत सगळ्यांत जास्त ऐकायला मिळते आणि दर वेळी जीव तुटतो, कारण त्या माणसाने मनापासून केलेलं असतं.

थर्मामीटर नसेल तर करंगळीचं टोक पिल्लाच्या तोंडात घाला. आतून गार लागलं, तळपाय गार लागले, तर ते गारठलंय. सदऱ्याच्या आत छातीशी धरा, वरून शाल घ्या. किंवा कोमट पाण्याची बाटली जाड मोज्यात घालून शेजारी ठेवा. हळूहळू, तास-दोन तासांत अंग गरम होऊ द्या. हेअर ड्रायर, चुलीजवळ धरणं, गरम पाण्याची रबरी पिशवी थेट पोटाखाली ठेवणं, यातलं काही नको. पिल्लाची कातडी कागदासारखी असते आणि त्याला सरकून दूर जाता येत नाही. पिल्लू अगदी गळालं असेल तर ऊब देता देता घट्ट साखरपाण्याचा एखादा थेंब बोटाने हिरडीला चोळा आणि तसंच छातीशी धरून दवाखान्याकडे निघा. घशात ओतू नका.

खोक्यातली हवा पहिल्या आठवड्यात ३० ते ३२ अंश सेल्सिअस हवी. आई आणि भावंडं असतील तर हे काम त्यांच्या अंगांनीच होतं. अनाथ पिल्लांना ते आपण द्यायचं. दुसऱ्या आठवड्यात दोन-तीन अंश कमी, पुढे पंचवीसच्या आसपास पुरे. खोक्याची एकच बाजू गरम ठेवा, म्हणजे उकडलं तर पिल्लू दुसरीकडे सरकेल. मुसळधार पावसाच्या रात्री आमच्याकडे वीज हमखास जाते, त्यामुळे माझा भरवसा बाटल्यांवरच. दोन बाटल्या, आलटून पालटून, दर दोन तासांनी. बाटली निवली की ती उलट पिल्लाची ऊब ओढून घेते, हे लक्षात असू द्या. निवलेली बाटली खोक्यात ठेवण्यापेक्षा नसलेली बरी. खाली जुन्या सुती साडीची चौघडी घालावी, टर्किशच्या टॉवेलच्या धाग्यांत नखं अडकतात.

विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात प्रश्न उलटा असतो. पत्र्याखालची पिल्लं एकमेकांपासून लांब, हातपाय पसरून पडलेली आणि धापा टाकत असतील तर खोका आतल्या गार खोलीत हलवा आणि खिडकीला ओलं कापड लावा. पिल्लांवर पाणी शिंपडू नका.

वरचं दूध

आईचं पहिलं दूध, म्हणजे चीक, पिल्लांना जन्मानंतर पहिल्या दिवसात मिळायलाच हवा. त्यातली रोगाशी लढणारी ताकद पिल्लाची आतडी जन्मानंतर जेमतेम सोळा-अठरा तासच रक्तात घेऊ शकतात. म्हणून आई असेपर्यंत वरच्या दुधाची घाई नको.

लागलंच तर मांजरांच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडरच आणा. प्राण्यांचं सामान विकणाऱ्या दुकानांत मिळते, ऑनलाइनही मागवता येते. मांजर गाभण आहे हे कळलं की आधीच एक डबा घरात आणून ठेवावा, कारण गरज रात्री दोनलाच पडते. मांजराचं दूध प्रथिनांनी आणि स्निग्धांशाने गाईच्या दुधापेक्षा बरंच दाट असतं. गाईच्या दुधावर पिल्लाला हगवण लागते, आणि हगवणीने ते आणखी सुकतं. पाणी घालून पातळ केलेलं गाईचं दूध तर त्याहून वाईट. पावडर हाती येईपर्यंत एखाद्या रात्रीपुरतं शेळीचं दूध देऊन निभावतात, पण त्यावर पिल्लू वाढत नाही.

पोटाची क्षमता दर १०० ग्रॅम वजनाला एका वेळी साधारण ४ मिली. ७५ ग्रॅमच्या पिल्लाला तीन मिली झाले की थांबा, ते आणखी मागत असलं तरी. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. दुसऱ्या आठवड्यात तीन-चार तासांनी. दिवसाचं एकूण किती ते डब्यावर वजनानुसार दिलेलं असतं, आणि वजन रोज बदलतं म्हणून तो हिशेबही रोज नव्याने करायचा. दूध मनगटावर टाकून बघावं, जेमतेम कोमट लागायला हवं.

पाजताना पिल्लू पोटावर, चार पायांवर हवं, आईला लुचताना असतं तसं. डोकं किंचित वर. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजू नका, दूध श्वासनलिकेत जातं. सिरिंजचा दट्ट्या दाबून धार सोडू नका, थेंब थेंब द्या आणि पिल्लाला गिळू द्या. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा, नाक पुसा. त्यानंतर श्वास घरघरायला लागला तर डॉक्टर. पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शू-शीच्या जागी हलकेच पुसत राहा, होईपर्यंत. आई जिभेने करते तेच हे काम. पहिल्या तीन आठवड्यांत पिल्लांना ते आपलं आपण जमत नाही.

आईकडे दुर्लक्ष नको

चारही पिल्लांचं वजन एकदम अडलं तर दोष पिल्लांत नसतो, आईकडे बघा. सड हाताला गरम, लाल, कडक लागतोय का, पिल्लांना झिडकारतेय का. सड पिकला असेल तर दूध नासतं आणि सगळी पिल्लं आजारी पडतात. ती थरथरतेय, पाय ताठ टाकतेय, अस्वस्थ फिरतेय, तर रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरलेलं असू शकतं. अशा वेळी हातात जेमतेम तासाभराचाच वेळ असतो, लगेच न्या. तीन-चार पिल्लं अंगावर पिणाऱ्या मांजरीला एरवीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागतं. नुसता दूधभात पुरत नाही. मासे, चिकन, अंडं, नाहीतर पिल्लांसाठीचं तयार खाद्य तिला द्या, आणि पाणी कायम समोर हवं.

तिच्या खोलीची फरशी फिनेलने पुसू नका. मांजरांना फिनॉलची जंतुनाशकं बाधतात आणि ती पायांना लागलेलं सगळं चाटते. साबण आणि गरम पाणी बास. आणि आईला किंवा पिल्लाला ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी, तिचा तुकडासुद्धा, देऊ नका. मांजर त्याने मरतं.

रस्त्यावर सापडलेली पिल्लं

झुडपात पिल्लं दिसली की लगेच उचलू नका. लांबून दोन-तीन तास बघा. ती उबदार आणि शांत असतील तर आई खायला गेलेली असते. गार असतील, रडत असतील, मुंग्या लागल्या असतील तर मात्र थांबू नका. वय ओळखायचं तर: नाळ लोंबतेय म्हणजे पाच दिवसांच्या आतलं, डोळे मिटलेले, कान दुमडलेले म्हणजे आठवडा-दीड आठवडा, पुढचे बारीक दात हिरडीतून टोचायला लागले म्हणजे तीन आठवड्यांच्या आसपास.

दवाखान्याची माहिती रात्र यायच्या आधीच काढून ठेवा. मुंबईत परळला जुनं पशुवैद्यकीय रुग्णालय आहे, लोक त्याला बैलघोडा म्हणतात. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीर इथे सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि त्यांच्या दवाखान्यांत मांजरंही बघतात. तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टरही बघतात, फक्त आधी फोन करून विचारावं. जाताना वही न्या. "दोन दिवस जरा मलूल वाटतंय" यापेक्षा "काल १२२, आज ११६, पहाटेपासून दूध ओढत नाही" हे ऐकून डॉक्टर लगेच कामाला लागतात.

तिसऱ्या आठवड्यानंतर

पिल्लं लडबडत चालायला लागली की रोजचं वजन एक दिवसाआड केलं तरी चालतं, महिन्यानंतर आठवड्यातून दोनदा. चौथ्या आठवड्यापासून पावडरच्या दुधात कालवलेलं मऊ खाणं ताटलीत द्यायला सुरुवात करा. दूध तुटायच्या या दिवसांत वजन एखाद-दोन दिवस रेंगाळतं. पिल्लू खेळत असेल, शी घट्ट असेल, तर धीर धरा. रेंगाळणं आणि उतरणं यांत फरक आहे, उतरू लागलं की पुन्हा रोज मोजा. शी-शूसाठी पसरट ट्रेमध्ये साधी वाळू किंवा कागदाचे तुकडे ठेवा. ओल लागली की गोळा होणारी तयार वाळू एवढ्यात नको, पिल्लं ती खाऊन बघतात.

जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी द्यायचं असतं आणि त्याचा डोस वजनावरच ठरतो, म्हणून त्या दिवशीचा आकडा डॉक्टरांना सांगा. सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिली लस, जिला दवाखान्यात बहुतेक जण ट्रायकॅट म्हणतात. पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, आणि तिसऱ्या महिन्यात रेबीजची. आईची नसबंदी पिल्लांचं दूध तुटलं की करून घ्या. पाजत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते, तेव्हा तोवर तिला घरातच ठेवा.

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू कुणाला देऊ नका, बारा झाले तर आणखी चांगलं. देताना वहीतलं त्याचं पान उतरवून सोबत द्या: शेवटचं वजन, जंताच्या औषधाच्या तारखा, लस कुठली आणि कधी, काय खातं, कशाने पोट बिघडलं होतं. बारकी दहाव्या आठवड्यात माझ्या मावसबहिणीकडे गेली. पानावर शेवटचा आकडा आहे ९८५, आणि खाली बहिणीच्या अक्षरात पुढच्या रविवारचा, १०६०.